चित्र आणणारा माणूस

काका ज्या जागी हसले, ती जागा काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. रविवारची दुपार, जेवणं झालेली, काकू आत लवंडलेली. मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडून १९३० सालचा एक ब्रिटिश सिनेमा लावला होता, ‘एल्स्ट्री कॉलिंग’. खरं तर मी तो माझ्यासाठी लावला होता. त्यात काही तुकडे तरुण हिचकॉकने घेतलेले आहेत आणि ॲना मे वाँग आहे, एवढ्या दोन गोष्टींवर माझ्यासारखा माणूस दीड तास काढू शकतो. काकांचं तसं नाही. ऐंशी ओलांडलेले काका लंडनच्या विनोदवीरांचं भरभर इंग्रजी ऐकत भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मुलींची रांग पाय उडवत नाचून गेली, एक बाई गाऊन गेल्या, कुणी तरी झायलोफोन वाजवून गेला. काकांच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मग पडद्यावर एक माणूस आला. स्वतःच्या घरात बसलेला, समोर टीव्हीचा संच, आणि त्या संचाची त्याची अखंड खुडबुड चाललेली. काकांनी शेंगांची ताटली खाली ठेवली. पुढे सरकले. आणि असे हसले की आतून काकूने विचारलं, “काय झालं हो?”

“अरे, ह्याला सांग, हात काढ म्हणावं आता,” काका मला म्हणाले. “चित्र आलं की हात काढायचा असतो. हा काढणार नाही. बघ तू.”

त्याने खरंच काढला नाही. नंतर जेव्हा जेव्हा नाचगाणं सुरू झालं तेव्हा काका एकच विचारत राहिले, “तो बाबा कुठं गेला?”

मला तो बाबा म्हणजे मधला व्यत्यय वाटत होता. गाण्यांच्या मध्ये शिवलेलं ठिगळ. सिनेमाची रचना अगदी सरळ आहे: एल्स्ट्रीच्या स्टुडिओतून करमणुकीचा कार्यक्रम थेट टेलिव्हिजनवरून प्रक्षेपित होतोय, असं मानायचं. टॉमी हँडली हा निवेदक. पुढे महायुद्धाच्या काळात रेडिओवरून हा माणूस ब्रिटनच्या घराघरांत पोचला. तो एकेकाला बोलावतो, ते येतात, आपला आपला तुकडा सादर करतात आणि जातात. स्कॉटलंडचा विल फाइफ, म्युझिक हॉलची, म्हणजे गाणी-विनोदांच्या रंगमंचाची, जुनी खमकी लिली मॉरिस, जॅक हल्बर्ट आणि सिसिली कोर्टनीज हे नवरा-बायको, आणि टेडी ब्राउन नावाचा अवाढव्य देहाचा अमेरिकन वादक, ज्याच्या हातातल्या काठ्या झायलोफोनवर इतक्या हलक्या पडतात की त्याच्या वजनाचा आणि त्या आवाजाचा मेळच लागत नाही. काही भाग रंगवलेला, बाकी काळापांढरा. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा, कारण बोलपट नुकता जन्मला होता आणि ध्वनिमुद्रणाच्या धाकाने सगळे जागच्या जागी खिळले होते. कथा नाहीच. आणि या सगळ्याच्या मध्ये गॉर्डन हार्कर हा नट आपल्या घरी संचाशी झटापट करतो आहे. त्याला हा कार्यक्रम बघायचाय. पण संचाला हात लावल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि हात लावला की चित्र जातं.

गंमत अशी की, हा सिनेमा आला १९३०च्या फेब्रुवारीत. तेव्हा ब्रिटनमध्ये टेलिव्हिजन होतं खरं, पण कसं? १९२९च्या ३० सप्टेंबरपासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून जॉन लोगी बेअर्ड या टेलिव्हिजनच्या संशोधकाच्या कंपनीचं चाचणी प्रक्षेपण सुरू झालं होतं. प्रक्षेपक एकच हाताशी, त्यामुळे त्यावरून एका वेळी एक तर चित्र जाणार किंवा आवाज. म्हणून आधी गाणाऱ्याचा चेहरा दिसायचा, मुका; मग तोच माणूस ऐकू यायचा, अदृश्य. दोन्ही एकत्र मिळायला १९३०चा ३० मार्च उजाडावा लागला. म्हणजे पडद्यावरचा हार्कर ज्या कार्यक्रमासाठी जीव टाकत होता, तसा आवाजासकटचा कार्यक्रम सिनेमा लागला त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये कुणाच्याच घरी दिसू शकत नव्हता. सिनेमावाल्यांनी टेलिव्हिजन होण्याआधीच टेलिव्हिजनची थट्टा करून टाकली. आणि थट्टा कशाची केली? चित्र किती छोटं दिसतं किंवा कार्यक्रम किती भिकार असतात याची नाही. ते बघणाऱ्या माणसाची. हे मला काका हसेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

काकांचं पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, आणि १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झाल्यावर टीव्ही. मुंबईचं दूरदर्शन वर्षभर आधी, १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं. ते कार्यक्रम सिंहगडावरून पुण्याला मिळायला लागले आणि काकांचा मुक्काम दुकानातून लोकांच्या कौलांवर हलला. गड दिसतोय त्या दिशेला तोंड करून ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा तो सांगाडा बांबूला बांधायचा, चपटी वायर खिडकीतून आत घ्यायची, आणि मग खरा खेळ. काका वर, वाड्याच्या जिन्यात एक पोरगा, खोलीच्या दारात दुसरा, आणि आत शटरच्या टीव्हीसमोर चाळीसेक माणसं. “आलं का?” वरून. “आलं का?” जिन्यातून. “नाही, मुंग्याच!” आतून. “नाही, मुंग्याच!” जिन्यातून. काका बोटभर फिरवणार. “आलं, आलं, आलं... गेलं!” या चारपाच शब्दांवर अख्खा वाडा तासभर चालायचा. लहानपणी मी त्या जिन्यात उभा राहिलो आहे, आणि आतला पडदा न बघता त्यावर काय चाललंय हे आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला शिकलो आहे. अँटेना जुळली की आत एकदम शांतता व्हायची. मग गाण्याची पहिली ओळ ऐकू यायची, आणि वर काका पकडीने तार आवळत असायचे.

“अर्धं छायागीत मी कौलांवर बसून ऐकलंय,” काका त्या दुपारी म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. असलाच तर थोडा तोरा होता.

काकांना मी बेअर्डच्या टेलिव्हायझरची, म्हणजे त्याच्या टीव्ही संचाची, माहिती द्यायला लागलो, तर ती त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळत गेली. एक पत्र्याची तबकडी, काठाशी गोलगोल आत सरकत जाणारी ३० भोकं. ही कल्पना पॉल निपकोव या जर्मन विद्यार्थ्याची, १८८४ची. तबकडीमागे निऑनचा दिवा. प्रक्षेपणातून येणाऱ्या संदेशाबरोबर दिवा कमीजास्त होतो, तबकडी मिनिटाला ७५० फेरे घेते, प्रत्येक भोक दिव्यासमोरून जाताना एक उभी रेघ काढतं, आणि ३० रेघांचं मिळून एक चित्र. सेकंदाला साडेबारा चित्रं. खरं चित्र दोन इंच उंच आणि जेमतेम इंचभर रुंद. समोर भिंग लावून ते मोठं करायचं. रंग निऑनचा, तांबूस-नारिंगी. किंमत २५ गिनी, म्हणजे साध्या कामगाराचा कित्येक आठवड्यांचा पगार. “वेग जुळला नाही तर?” काकांनी विचारलं. तबकडीचा वेग स्टुडिओतल्या यंत्राच्या वेगाशी तंतोतंत जुळला तरच चित्र उभं राहणार. नाहीतर ते तिरकं होतं, वाहत जातं, गायिकेची हनुवटी वर आणि कपाळ खाली. वेग राखायला आत दातेरी चाक होतं, पण ते चित्र एकदा जागेवर आलं तर धरून ठेवणार. जागेवर आणायचं काम बघणाऱ्याचं, हाताने, गोल बटण फिरवून. “म्हणजे होल्डचं बटण,” काका म्हणाले. आपल्याकडचं चित्र वर पळायला लागलं की मागचं जे बटण दोन बोटांनी हळूच फिरवायचं, तेच. त्या बटणासाठी दुकानात फेऱ्या मारणारी गिऱ्हाइकं काकांना नावानिशी आठवत होती.

आणखी एक गोष्ट काकांना फार आवडली. बेअर्डचं चित्र आपल्या नेहमीच्या मीडियम वेव्हवरून जात असे. त्यामुळे ज्याच्याकडे फक्त रेडिओ होता, त्याला ते चित्र ऐकू यायचं. करवतीसारखी एक घरघर, आणि समोरचा माणूस हलला, वळला, हसला की त्या घरघरीचा पोत बदलायचा. त्या काळातल्या एखाद्या घरात रात्री कुणी तरी बटण फिरवताना या घरघरीवर अडकलं असेल, आणि ती एका नाचणाऱ्या बाईची घरघर आहे याचा त्याला पत्ताही नसेल.

पलीकडे स्टुडिओत काय हाल होते, ते वेगळेच. बेअर्डने १९२६च्या २६ जानेवारीला लंडनमधल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या माडीत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना बोलावून टेलिव्हिजन दाखवलं. त्या इमारतीत खाली आज कॉफीचं दुकान आहे आणि भिंतीवर पाटी. त्याआधी प्रयोगाला दिवे इतके प्रखर लागत की माणूस समोर टिकेना, म्हणून बोलक्या बाहुल्यांच्या खेळातलं एक डोकं समोर ठेवलेलं असे. १९२५च्या २ ऑक्टोबरला त्या बाहुल्याच्या जागी खालच्या कचेरीतला विल्यम टेंटन नावाचा पोऱ्या बसवला. तो उकाड्याने उठून पळाला, तेव्हा बेअर्डने त्याच्या हातावर अर्धा क्राउन टेकवून त्याला परत बसवलं. टेलिव्हिजनवर दिसलेला हा पहिला माणूस, आणि पहिलं मानधनही त्याचंच. पुढे तंत्र उलटं झालं: कलाकार अंधारात उभा, आणि लुकलुकणारा प्रकाशाचा एक ठिपका त्याच्या अंगावरून रेघा मारत फिरतोय. चेहरा ३० रेघांत ओळखू यावा म्हणून भुवया, नाकाची कडा, ओठ असे रंगवायचे की आरशात बघितलं तर दचकावं. एवढ्याशा अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर फडफडता उजेड घेऊन, समोर एकही प्रेक्षक नसताना, म्युझिक हॉलच्या हशा-टाळ्यांवर वाढलेल्या माणसांनी गायचं आणि नाचायचं. १९३२च्या ऑगस्टपासून बीबीसीने हे काम स्वतःच्या इमारतीत, तळघरात घेतलं. युस्टेस रॉब हा एकटा निर्माता, आणि प्रक्षेपणाची वेळ रात्री उशिराची. त्याने त्या चिंचोळ्या चौकटीत काय काय कोंबलं! बॅले, जादू, गाणी, एकदा तर जोसेफिन बेकर.

या माणसांबद्दल, म्हणजे व्हरायटीच्या कलाकारांबद्दल, माझं मन काही धड होत नाही. एका बाजूने मी त्यांच्यावर लट्टू आहे. दहा-बारा मिनिटांचा एक तुकडा, तोच घासूनपुसून वर्षानुवर्षं गावोगाव फिरवायचा. आज इथे, पुढच्या आठवड्यात तिथे. गाव बदललं की प्रेक्षक नवा, म्हणजे तुकडाही नवा. आपल्या तमाशातला सोंगाड्या हे गणित सांगितल्याशिवाय समजेल. सिनेमाने आणि टेलिव्हिजनने हे गणितच मोडलं. एका रात्रीत सगळ्या देशाने तुकडा पाहिला की उद्या तोच घेऊन कुठल्या गावात उभं राहायचं? नाट्यगृहांचे चालक रेडिओकडेसुद्धा संशयाने बघत, ते उगीच नव्हे. ‘एल्स्ट्री कॉलिंग’मधली मंडळी हसतमुखाने आपापलं पोट भरणारी पोतडी कॅमेऱ्यासमोर रिकामी करत आहेत हे मला दिसतं, आणि लिली मॉरिस गात असते तेव्हाही मी पुरता हसू शकत नाही.

दुसऱ्या बाजूने, यातलं बरंच काही बघवत नाही. त्या काळच्या रेव्ह्यूंमध्ये, म्हणजे नाच-गाणी-विनोदांच्या कार्यक्रमांत, चेहऱ्याला काळं फासून हशा मिळवणं हा रोजचा मामला होता. ॲना मे वाँग ही लॉस एंजेलिसची चिनी वंशाची मुलगी, हॉलिवूडमध्ये त्याच त्या दासी आणि त्याच त्या कपटी बायका करून कंटाळून युरोपात आली; आणि इथे तिच्या वाट्याला काय, तर शेक्सपिअरच्या कर्कशेच्या विडंबनात तोंडाने सुनावत समोरच्यावर क्रीमचे केक फेकणं. ती ते झोकात करते, तो भाग वेगळा. तिचा नेम पक्का आहे. काकांनी त्या प्रसंगाला मान डोलावली, “बाई कामाची आहे” एवढंच म्हणाले आणि पुन्हा संचवाल्या बाबाची वाट बघू लागले.

त्यांची ती ओढ बघून मी त्यांना पुढच्या रविवारी १९३३चा अमेरिकन ‘इंटरनॅशनल हाउस’ दाखवला. तिथेही सोंग तेच: टेलिव्हिजनच्या खुंटीवर गाणी-विनोद टांगायचे. चीनमधल्या एका हॉटेलात वाँग नावाचा शास्त्रज्ञ (नट अर्थातच गोरा, एडमंड ब्रीझ) ‘रेडिओस्कोप’ घेऊन बसलाय. याला ना स्टुडिओ लागतो ना पाठवणारं कुणी. जगातलं कुठलंही दृश्य ओढून पडद्यावर आणायचं. जगभरचे व्यापारी बोली लावायला जमलेत. आणि या डॉक्टरला स्वतःला काय बघायचंय, तर न्यूयॉर्कमधली सहा दिवसांची सायकलशर्यत. तो तबकड्या फिरवतो, पण सायकली काही येत नाहीत. येतो कॅब कॅलोवे आपल्या वाद्यवृंदासकट, येतो रूडी व्हॅली, येते लहानगी बेबी रोझ मारी मोठ्या बायकांच्या आवाजात गाणारी. प्रत्येक वेळी डॉक्टर हिरमुसतो. मग डब्ल्यू. सी. फील्ड्स पडद्यावरच्या माणसाला टोमणा मारतो, तर पडद्यावरचा माणूस त्याला उलट सुनावतो. पुढे तो चिडून पडद्यातल्या युद्धनौकेवर पिस्तूल झाडतो, आणि नौका बुडते!

काका इथेही हसले, पण पुन्हा डॉक्टरला. पिस्तुलाला नाही.

मग मला ते दोन सिनेमे एकमेकांशेजारी नीट दिसले. हॉलिवूडला टेलिव्हिजन म्हणजे अल्लाउद्दिनचा दिवा वाटला, एल्स्ट्रीला शेजारणीकडून मागून आणलेला नादुरुस्त स्टोव्ह. पण दोन्हीकडे जो माणूस यंत्राशी बसलाय त्याला हवं ते दिसत नाही, आणि दोन्हीकडे आपण थिएटरात आरामात बसून, त्याच्या नाकावर टिच्चून, सगळा कार्यक्रम धडधडीत बघतो. हा सिनेमाचा टेलिव्हिजनला मारलेला टोमणा आहे, हे उघड आहे: बघा, तिकीट काढून आलात तर सगळं स्वच्छ, मोठं, गाण्यासकट, घरी बसलात तर खुडबुड. धंद्याची स्पर्धा होती, टोमणा रास्त होता. मात्र ती खुडबुड हेच त्या माणसाचं सुख आहे, हे त्यांच्या हातून पडद्यावर येऊन गेलं ते टोमण्याच्या नादात, न कळत. हार्करला कुणी चित्र जुळवून दिलं असतं आणि हाताची घडी घालून बस म्हटलं असतं, तर तो संध्याकाळभर अवघडून बसला असता. त्या काळातले टेलिव्हायझरचे मालक बहुतेक करून रेडिओचे नादिष्ट होते. कित्येकांनी सुटे भाग आणून संच घरीच जोडले. दोन इंची नारिंगी धुक्यातून कुणाची तरी भुवई दिसली की ते खूश. गाणं कुठलं होतं, हा पुढचा प्रश्न.

आपल्याकडेही अँटेनाच्या त्या वर्षांत अशी माणसं गल्लोगल्ली होती. कार्यक्रम सुरू झाला की ती उठून मागे जायची, कॉन्ट्रास्ट किंचित कमी करायची, पुढे येऊन डोळे बारीक करून बघायची, परत मागे. बायको करवादायची. “अहो, दिसतंय की! बसा ना!” दिसत होतंच. पण आणखी चांगलं दिसू शकलं असतं. पडद्यावर “रुकावट के लिए खेद है” आलं की घरातले बाकीचे हताश व्हायचे, आणि ही माणसं मात्र दोष आपल्या संचात आहे की तिकडे मुंबईला, याचा निवाडा करायला सरसावायची.

एक फरक मात्र मोठा होता. ब्रिटनमध्ये सिनेमाच्या व्यापाऱ्यांनी टेलिव्हिजनला आपले सिनेमे सहजी दिले नाहीत, त्यामुळे बीबीसीला जिवंत माणसं आणून नाचवावी लागली. विविध गुणदर्शन ही तिथल्या सुरुवातीच्या टीव्हीची गरजच होती. आपल्याकडे उलटं. आपला टीव्ही हिंदी सिनेमाची गाणी कापून गुरुवारी संध्याकाळी वाढायचा, आणि त्या अर्ध्या तासासाठी रस्ते ओस पडायचे. सिनेमातून कथा काढून टाकली आणि फक्त गाणी एकापुढे एक ठेवली तर काय उरतं? ‘एल्स्ट्री कॉलिंग’च उरतं. आमच्या वाड्यात कुणी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही की ही नायिका का रडतेय ते कळलं नाही.

पण या सगळ्यात माझा जीव सर्वांत जास्त अडकलाय तो एका ॲल्युमिनियमच्या तबकडीत. बीबीसीच्या त्या ३० रेघांच्या काळातलं जवळजवळ सगळं हवेत विरून गेलं; टिपून ठेवायची सोय नव्हती आणि गरजही कुणाला वाटली नाही. सिनेमे टिकले, ज्यांची थट्टा सिनेमांनी केली ते कार्यक्रम गेले. मात्र १९३३च्या एप्रिलमध्ये ‘लुकिंग इन’ नावाचा रेव्ह्यू चालू असताना कुठल्या तरी हौशी माणसाने घरच्या घरी ध्वनिमुद्रणासाठी मिळणाऱ्या सिल्व्हाटोन यंत्रावर ती घरघर कोरून घेतली. चित्र म्हणजे आवाजच असल्यामुळे हे शक्य झालं. जवळपास साठ वर्षांनी ती तबकडी उजेडात आली आणि डोनाल्ड मॅक्लीन या अभियंत्याने संगणकावर तिच्यातून चित्र बाहेर काढलं. मिनिटं चारच. पॅरामाउंट ॲस्टोरिया गर्ल्स नावाच्या ताफ्यातल्या मुली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नुसते डाग दिसले, वर-खाली होणारे. दुसऱ्यांदा डागांना पाय फुटले. मग एकदम एक मुलगी कॅमेऱ्याच्या दिशेने वळली, गिरकी घेतली, आणि तिचं हसणं दिसलं असं मी शपथेवर सांगेन. ३० रेघांत हसणं दिसू शकतं का, हे मला विचारू नका. ‘इंटरनॅशनल हाउस’ त्याच वर्षीचा. त्यातल्या रेडिओस्कोपचा पडदा भिंतीएवढा लखलखीत आणि त्यातली एकूण एक गोष्ट खोटी. ही चार मिनिटं खरी.

कुणी घेतलं असेल ते मुद्रण? आपला संच नीट जुळवून, सुई तबकडीवर टेकवून, तो माणूस ती चार मिनिटं नाच बघत होता की सुईकडे? मला तर खात्री आहे, सुईकडे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे तसंच झालं. १९३६च्या २ नोव्हेंबरला लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. बेअर्डची २४० रेघांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची, दोघींना आलटून पालटून संधी. आधी कुणी, हे नाणं उडवून ठरलं, बेअर्ड जिंकला. उद्‌घाटनाचा सोहळा त्यामुळे दोनदा झाला, एकदा या यंत्रावर आणि लगेच तोच पुन्हा त्या यंत्रावर. भाषणं दोनदा. अ‍ॅडेल डिक्सनने टेलिव्हिजनच्याच कौतुकाचं गाणं म्हटलं. बक आणि बबल्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन जोडी नाचली-गायली, लाय फून्स या चिनी कसरतपटूंनी आपला खेळ केला. म्हणजे नव्या यंत्राच्या पहिल्या दिवशीसुद्धा जुनी व्हरायटीच हाताशी होती. बेअर्डच्या यंत्रणेत एक प्रकार असा होता की आधी फिल्मवर चित्रण करायचं, ती फिल्म मिनिटभराच्या आत धुऊन ओलीच स्कॅनरखालून न्यायची. कॅमेरा जागचा हलत नसे. शेजारी ईएमआयचे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे सहज वळत होते. तीन महिन्यांत निकाल लागला. बेअर्ड बाजूला पडला, आणि मधल्या काळात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्याच्या प्रयोगशाळाही गेल्या. बिचारा, नाणेफेक जिंकून सामना हरला.

हे सगळं ऐकून काका ईएमआयच्या बाजूला जातील असं मला वाटलं होतं, कारण ते कायम चांगल्या चित्राच्या बाजूचे. पण त्यांना त्या तबकडीने धरलं होतं. “भोकांमध्ये अंतर किती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काका, तीस भोकं म्हणजे बारा-बारा अंशांवर. आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा एका भोकाच्या जाडीइतकं आत.” त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गोल काढला. बिस्किटांच्या डब्याचं झाकण घ्यावं असं माझं म्हणणं, पण त्याच्यावर चित्र नखाएवढं होणार, हे त्यांनी तोंडी हिशेब करून खोडून काढलं. मोठी तबकडी हवी, सपाट हवी, मध्यभागी बरोबर भोक हवं. आणि त्यांची नजर कपाटाकडे गेली. एलपी रेकॉर्ड.

तोवर काकू उठून चहाला आली होती. तिने कपाट आणि काका यांच्यामध्ये खुर्ची ओढली. “नाट्यसंगीताला हात लावायचा नाही. भावगीतांना नाही. अभंगांना तर नाहीच नाही.” काकांनी नातवाच्या बारशाला कुणी तरी दिलेल्या एका इंग्रजी बालगीतांच्या रेकॉर्डचं नाव पुढे केलं, ती काकूने नाकारली, कारण तो नातू आता सिएटलला असतो. बऱ्याच घासाघिशीनंतर एका कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाच्या भाषणांची रेकॉर्ड मंजूर झाली. काकांनी ती कव्हरातून काढून उजेडात तिरकी धरली, वाकलेली आहे का ते पाहिलं, आणि मला म्हणाले, “मोटार मिक्सरची नको, तिचा वेग आवरत नाही. जुन्या टेप-रेकॉर्डरची बघ. आणि ड्रिलचं बारीक पातं आण, एक मिलिमीटरचं. दोन आण. एक मोडणार.”